पवायला येतं का तिला?

"वैनी, तुमची जलवंती परत बदलली." बेळगावच्या बसचा कंडक्टर म्हादू दुकानाची पायरी चढता चढताच म्हणाला आणि त्यानं एक जाड पाकीट केशरच्या हातात दिलं. "घाऱ्या डोळ्यांची गेली. आता साबणाच्या जाहिरातीतली येणार म्हणत्यात."

"मधे ती नाचणारी होती नव्हं?"

"तिची आई न्हाई म्हणाली. पोरगी पडदाभर भिजल्याली दिसली तर लगीन कोण करंल?"

रामनगरात सिनेमाच्या बातम्या अशा बसनं येत. केशरच्या चित्रकथेवर कोल्हापूरची कंपनी सिनेमा काढणार, असं ठरून दोन वर्षं झाली होती. पाण्याखाली राहणारी, बुडत्या माणसांना वर आणणारी जलवंती सव्वीस आठवडे साप्ताहिकात छापून आली, तेव्हा गावातली पोरं पाठीला टॉवेल बांधून हौदात उड्या मारायची. सिनेमाचं मात्र काही जमेना. आधी काचेची टाकी फुटली. मग वितरकानं विचारलं, सगळ्यांना बाईच वाचवणार, तर हिरोनं काय करायचं? दिग्दर्शक सहा महिने त्याचं उत्तर शोधत बसला.

पडवीत बायजा तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता तिनं विचारलं, "पवायला येतं का तिला?"

म्हादू हसला. "आक्का, सिनेमात कोण पवतंय? तारेनं टांगत्यात."

"तरी पन. इचारून ठेवा."

नटी बदलली की बायजा हेच विचारायची. गाव हसायचं. केशरला हसू येत नसे, कारण जलवंती मुळात बायजाची होती.

सात वर्षांपूर्वी धरणाचं पाणी चढलं आणि नदीकाठच्या वाड्या उठल्या. कुणी कुठं गेलं, कुणी कुठं. बायजाच्या वाडीतलं इथं तिच्याशिवाय कुणी आलं नाही. ती केशरकडं कामाला लागली. पोतं एकटी उचलायची, पाणी मात्र बादलीनंच आणायची. तांब्याची घागर जड होते म्हणायची.

पाखडता पाखडता ती एकच गोष्ट सांगायची. वाडी उठते. सगळे टेकाडावर येतात. मग आई पोरीला म्हणते, घरात घागर राहिली, जा, घेऊन ये. पोरगी जाते आणि मागून पाणी येतं. पण पाणी तिला बुडवत नाही, वाट देतं. ती अजून खाली आहे. अंगण झाडते, दिवा लावते. तिचे केस ओले होत नाहीत.

केशर चौथी शिकलेली. बाकीचं सगळं तिनं दुकानातल्या रद्दीतून वाचून कमावलेलं. एका पावसाळ्यात तिनं ती गोष्ट चित्रं काढून वहीत उतरवली आणि साप्ताहिकाला धाडली. तेवढी आई काढून टाकली. पराक्रमी पोरीला पाठवायला आई कशाला लागते? तिची जलवंती आपल्या मनानं परत जाते, गोठ्यात बांधलेलं वासरू सोडवायला. एवढं बदललं म्हणजे गोष्ट आपली झाली, असं तिला वाटलं होतं. झाली नाही.

दर आठवड्याला पोरं पडवीत बसून अंक मोठ्यानं वाचायची. बायजा ऐकायची. पहिला भाग तर तिनं तीनदा वाचून घेतला. पण एका शब्दानं कधी काही म्हणाली नाही. ते केशरला फार लागायचं. ती बायजाच्या चहात दोन चमचे साखर जास्त घालायची. त्यानं मनावरचं काही उतरलं नाही, बायजाची दाढ मात्र दुखायला लागली.

"सही करून ठेवा. परतीच्या गाडीला नेतो," म्हणून म्हादू गेला.

पाकिटात करार होता. 'ही कथा सर्वस्वी माझी स्वतःची आहे,' आणि खाली सहीची जागा. सोबत मॅनेजरचं पत्र. सगळं जमत आलंय, फक्त गोष्टीत एक आई घाला. आईशिवाय बायका रडणार कशा? एक जुनी मोठी नटी तयार आहे.

केशर पत्र धरून उभी राहिली. देवानंच वाट काढली असं तिला वाटलं. ती पडवीत आली आणि बायजासमोर जमिनीवर बसली.

"बायजाक्का, मी तुझी चोरी केलीया. जलवंती तुझी. तू सांगितलीस, मी माझ्या नावानं लिहिली."

"ठावं हाय की." सूप चालूच होतं.

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं?"

"आता ह्या कागदावर मी तुझं नाव घालणार. आणि तुझ्या गोष्टीतली आई पण परत येतीया. मी काढून टाकलेली ना, ती. मोठी नटी करणार. ती घागर आणायला धाडती, सगळं तू सांगत होतीस तसंच."

सूप थांबलं.

"आई नगं, वैनी."

"अगं, तिच्यावाचून सिनेमा अडलाय."

"अडू दे. माझं नावबी नगं. सही तुमीच करा, पन आई घालू नगा." बायजानं मांडीवरचा एक एक दाणा वेचून सुपात टाकला. "तुमच्या गोष्टीत ती आपल्या मनानं गेली. वासरासाठी. मला सात वरसात तसं सांगाय जमलं न्हाई. पोरं वाचायची तवा तेवढा येळ मला खरंच वाटायचं."

"काय खरं वाटायचं?"

"वासरू न्हवतं, वैनी. घागरच हुती. माझ्या बाळीला पवायला येत न्हवतं, तरी मीच धाडलं तिला."