बिनजोड अंगण

वसमतच्या आपल्या फोटो स्टुडिओत धम्मानंद फोटो जोडणारी दोन सॉफ्टवेअर ताडून बघत होता. बायको अंगण झाडत असताना त्यानं अंगणाचे तुकड्यातुकड्यानं काढलेले फोटो दोन्हींत घातले होते. ती वारली त्याला महिना झाला होता.

पहिल्यानं अख्खं अंगण जोडलं, पण झाडत पुढं सरकणारी बायको तीन ठिकाणी उमटली. एका जागी तर नुसता पदरच. दुसऱ्यानं हलणारं माणूस चूक समजून पुसून टाकलं. अंगण लख्ख, जोड कुठंच दिसेना.

"पहिलंच घ्या, बाबा," लेक ज्योती म्हणाली. "त्यात आई तरी हाय."

धम्मानंद दुसऱ्या फोटोकडं बघत राहिला.

"न्हाई, दुसरंच बराबर हाय," तो म्हणाला. "घरी गेलं की आता असंच दिसतं."