दुमडलेली नावं

ठेकेदाराला काकूंच्या घराचं ड्रेनेजचं काम काहीही करून हवं होतं. म्हणून त्याने चार पानी प्रस्ताव लिहिला, त्यात ‘अत्याधुनिक’ हा शब्द अकरा वेळा घातला आणि बायकोला टाइप करून पाठवायला सांगितलं.

दोन दिवसांनी काकूंनी बोलावलं. नावांचा भाग आत दुमडलेले तीन कागद त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, “तूच सांग, कुणाला देऊ काम?”

तिन्ही प्रस्ताव एकेका पानाचे. म्हणजे आपला पत्ता आधीच कट! तरी त्याने वाचले. दुसऱ्यात लिहिलं होतं, ‘न्हाणीत बादलीभर पाणी ओतलं. ते बाहेरच्या चेंबरपर्यंत यायला चार मिनिटं लागली. मध्येच पाइपचा उतार उलटा झालाय. तेवढाच भाग खणू. लिंबाच्या झाडाला धक्का लावणार नाही.’

हाही आपल्यासारखाच बादली ओतून बघणारा निघाला! काम हातचं जाणार होतं, पण त्याला खोटं बोलवेना. “याला द्या, काकू. याला रोग कळलाय.”

काकूंनी घडी उलगडली. कागदावर त्याचंच नाव होतं. “वा रे वा! स्वतःचीच शिफारस?”

घरी येताच त्याने बायकोला विचारलं, “तो कागद कुणी लिहिला?”

“तुम्हीच की! परवा जेवताना मला सांगितलंत, तेच टाइप केलं. प्रस्तावात लिहायचं राहून गेलं होतं तुमच्याकडून.”