वेगळं वंगण

"ते आम्ही ठेवत नाही," औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पत्ताही सांगितला. "चौकापलीकडे पाण्याच्या टाकीजवळ एक म्हातारे आहेत. त्यांच्याकडे नक्की मिळेल. फार सभ्य माणूस. लाजू नका, सरळ मागा."

लिफ्टवाल्यानं मान हलवली, टोपी आणखी खाली ओढली आणि तो पायऱ्या उतरला. म्हातारे सभ्य आहेत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्याचे वडील होते.

लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. रुळाला कुठलं तेल, बेअरिंगला कुठलं ग्रीस, हे तो झोपेतही सांगेल. एखाद्या रखवालदारानं हाताला लागेल ते तेल ओतून ठेवलेलं दिसलं की त्याचा पारा चढायचा. जागा बघून वंगण घालायचं असतं, हे त्याचं व्याख्यान त्या भागातल्या सगळ्या रखवालदारांना पाठ होतं.

म्हणूनच काल डॉक्टरबाईंसमोर त्याची चांगलीच फजिती झाली. मूल व्हावं म्हणून नवराबायकोचे दीड वर्ष प्रयत्न चालले होते. तपासण्या सगळ्या ठीक होत्या. बोलता बोलता डॉक्टरबाईंनी विचारलं, जेल वगैरे काही वापरता का? बायकोनं नाव सांगितलं. ते बदला, डॉक्टरबाई म्हणाल्या. नेहमीच्या जेलमुळे शुक्राणूंची चाल मंदावू शकते. मूल हवं असणाऱ्यांसाठी वेगळं मिळतं, त्यात त्यांना पोहायला त्रास होत नाही. त्यानं मूल होईलच असं मी म्हणत नाही, पण वाटेत आपणच चिखल करून कशाला ठेवायचा?

दवाखान्याबाहेर येईपर्यंत बायकोनं हसू दाबून धरलं. मग ती जिन्यातच बसली आणि पोट धरधरून हसली.

"साऱ्या गावाला वंगण शिकवतोस," ती म्हणाली, "आणि घरी आणताना खोक्यावर काय लिहिलंय तेसुद्धा वाचलं नाहीस?"

वाचणार कसा? जेलची ती नळी त्यानं लांबच्या एका दुकानातून, मागं ओळखीचं कुणी नाही ना ते बघून, नुसतं बोट दाखवून घेतली होती आणि खिशात कोंबली होती. खरं तर औषधाच्या दुकानदाराचा मुलगा तो, आणि घर दुकानाच्या वरच. पण तिथून घ्यायची म्हणजे बाबांच्या हातून घ्यायची. बाबांना कळलं की आईला कळलंच. दोघंही तोंडानं एक शब्द विचारणार नाहीत, पण दर महिन्याला सुनेच्या चेहऱ्याकडे बघत राहतील. आता महिना फुकट गेला की नवराबायको दोघंच हिरमुसतात, मग चौघं हिरमुसतील. म्हाताऱ्यांच्या जिवाला हा घोर लावायला त्याचं मन घेत नव्हतं. मी आणतो, पण बाबांना कळता कामा नये, असं त्यानं बायकोला बजावलं होतं. ती बरं म्हणाली होती.

आता निम्मं गाव पालथं घालून झालं होतं, आणि जो तो त्याला त्याच्याच घरचा रस्ता दाखवत होता.

दुपारी बाबा जेवायला वर जात. आई मावशीकडे गेली होती. लिफ्टवाला मागच्या दारानं दुकानात शिरला. जिथं लहानाचा मोठा झाला तिथं तो चवड्यांवर चालत होता. आधी त्यानं गर्भनिरोधकांचा कप्पा बघितला. तिथं ती नवी नळी नव्हती. मलमांच्या कप्प्यात नव्हती, बायकांच्या औषधांत नव्हती. शेवटी ती सापडली बाळांच्या साबण-पावडरीच्या रांगेत, दुधाच्या बाटल्यांना खेटून. बाबांनी आपल्या हिशेबानं बरोबर जागी ठेवली होती.

या वेळी त्यानं खोका चारही बाजूंनी वाचून काढला. मूल हवं असणाऱ्या जोडप्यांसाठी, असं ठळक छापलेलं होतं. खोका त्यानं हत्यारांच्या पिशवीत, ग्रीसच्या डब्याखाली सरकवला.

"ती ठेव जागेवर."

बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते. उजवा हात अजून खरकटाच.

लिफ्टवाल्यानं एका दमात सांगून टाकलं की नळी त्याला नकोच आहे, एका इमारतीतल्या भाडेकरूला हवी आहे, बिचारा फार लाजाळू आहे, त्यानंच गळ घातली. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्येच त्यांनी मिशीवरून डावा हात फिरवला, तो हसू लपवायलाच असावा.

"त्या भाडेकरूची बायको सकाळीच घेऊन गेली," ते म्हणाले. "कामावर जाताना आली आणि सरळ म्हणाली, बाबा, अशी अशी नळी आपल्याकडे असते का? एका घरात दोन कशाला?"

लिफ्टवाला स्टुलावर बसला. पिशवी मांडीवर घेऊन तो तिच्या बंदाशी चाळा करू लागला. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं, तो कसाबसा पुटपुटला. आता आईलाही कळणार, आणि दर महिन्याला तुम्हीही वाट बघत बसणार.

"वाट तर आम्ही दीड वर्ष बघतोच आहोत रे," बाबा म्हणाले. "सूनबाईनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तू तेवढा लाजतोस, म्हणून आम्ही तिघं गप्प होतो."