लोकेंद्रचा दुसरा पाठ

लोकेंद्रने सातवीच्या पोरांना फळ्यासमोर बसवलंच नाही. सरळ मैदानात नेलं, एक लांब दोरी दिली आणि म्हणाला, "हिच्यात जास्तीत जास्त जागा घेरून दाखवा. कशीबी."

पोरांनी लांबट चौकोन केला, त्रिकोण केला, आत दाटीनं उभं राहून पाहिलं. एवढ्यात रिंकी दोरीचं टोक घेऊन भिंतीकडे पळाली. "सर, एका बाजूनं भिंत धरली तं दोरी वाचते! जागा मोठी होते!"

"अरे, हे तं माह्याबी डोक्यात नोहतं आलं," लोकेंद्र हसला.

बी.एड.च्या पुष्पांजली मॅडम निंबाखाली खुर्ची टाकून त्याचा सराव पाठ बघत होत्या. उठून जवळ जावं, असं त्यांनाही क्षणभर वाटलं. पण घंटा झाली तेव्हा क्षेत्रफळाचं सूत्र आलंच नव्हतं, वर्गातला फळा कोराच होता.

"ही काय जत्रा आहे, लोकेंद्र?" सोबत पाठ बघायला आलेल्या सगळ्या छात्राध्यापकांसमोर त्या म्हणाल्या. "उद्देश नाही, सूत्र नाही. पाठ पुन्हा घ्यावा लागेल."

"पण मॅडम, पोरं विचार करून राहिले होते."

"विचाराला गुण नसतात."

बाकीचे हसले. लोकेंद्रने मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात त्याने तोच पाठ पुन्हा घेतला. पोरं बाकांवर बसली होती. त्याने उद्देश सांगितला, सूत्र वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलं, त्याखाली उदाहरण सोडवलं. मॅडमना बोट ठेवायला जागा उरली नाही.

मधेच रिंकीने हात वर केला. "सर, हे दुसऱ्या रीतीनं..."

"आधी लिहून घे," लोकेंद्र फळ्याकडे बघतच म्हणाला.

बोलू दे रे तिला, असं मॅडमच्या अगदी ओठांवर आलं. आजूबाजूला सगळे छात्राध्यापक बसले होते. त्यांनी समोरच्या वहीत गुण मांडले. रिंकीचा हात खाली गेला. पुन्हा कुणाचाच वर आला नाही.

तास सुटल्यावर लोकेंद्र धावतच आला. "आता बरोबर झालं ना, मॅडम?"

"झालं."

"तुम्ही टोकलं म्हणून सुधारलो," म्हणत तो वाकून त्यांच्या पाया पडला.

त्याच्या डोक्यावर ठेवायला मॅडमनी हात उचलला खरा, पण काय आशीर्वाद द्यावा, ते त्यांना सुचेना.