भाकरीविना

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी झुंबरबाईला मूल नव्हतं. “अंगावर मांस लई चढलं बाई. भाकर, भात, गूळ बंद करा. अंग उतरलं तर लेकरू होईन,” चिखलीच्या वैद्यानं तिला सांगितलं. तिकडे नवरा उकंडराव पाटील दुसरी बायको करायला निघालाच होता. “लेकरू नाही, अन् वरून हत्तीण पोसून राह्यलो मी,” असं तो चारचौघांत बोलायचा.

त्या दिवसापासून झुंबरबाई टोपलंभर भाकरी थापून घरादाराला वाढायची आणि स्वतः अंबाडीच्या भाजीवर, ताकावर राहायची. तव्यावरची भाकर टम्म फुगली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

“थोडे दिवस दम धरा जी, मी बारीक होऊन राह्यली,” तिनं नवऱ्याला हात जोडले. पोळ्यापर्यंत तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. उकंडरावानं मात्र तिच्याकडे नजर वर करून पाहिलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर रोहिणखेडचे अर्जुनराव लेक द्यायच्या आधी घर पाहायला आले. होणाऱ्या सवतीच्या बापापुढे पाण्याचा गडवा घेऊन झुंबरबाईलाच जावं लागलं.

अर्जुनराव तिच्या काडीसारख्या हातांकडे, खोल गेलेल्या गालांकडे बघत राहिले. मग पाणी न पिताच त्यांनी गडवा खाली ठेवला आणि उठले.



“पाटील, तुमच्या घरात ज्वारी मावत नाही, अन् घरच्या बाईले पोटभर भाकर भेटून नाही राह्यली. माही पोर मी इथं नाही देत.”