फुली

चार उन्हाळे वाट पाहायला लावून आमच्या परसातल्या कासविणीने अखेर चार अंडी घातली. व्हर्लिनने, माझ्या नवऱ्याने, ती लोण्याच्या रिकाम्या डब्यात ओल्या शेवाळावर मांडली, डबा फ्रिजवर ठेवला आणि तो दोन दिवस भावाच्या शेतावर गवत कापायला गेला. मी कोंबड्यांत वाढलेली. आईच्या शिकवणीप्रमाणे मी अंडी उलटली आणि त्यांच्यावर काळे डाग दिसले म्हणून ओल्या फडक्याने पुसूनही घेतली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ओपल, सांगायचं राहिलं. डब्याला हात लावू नकोस. कासवाचं अंडं उलटलं की आतलं पिल्लू मरतं. वरची बाजू कळावी म्हणून पेन्सिलीने खुणा केल्यात मी."

"मी कशाला लावू हात तुझ्या अंड्यांना?" म्हणत मी फोन ठेवला आणि पेन्सिल शोधली.

अडीच महिने तो रोज डब्यात डोकवायचा आणि मी श्वास रोखून भांडी घासायचे. शेवटी एकाच अंड्यातून नाण्याएवढं पिल्लू बाहेर आलं. मला रडूच फुटलं.

"जगलं गं तुझं पोर," व्हर्लिन म्हणाला.

"माझं कसं?"

त्याने टरफल माझ्या हातावर ठेवलं. "मी ठिपका देतो, ओपल. ही फुली शेतावरून आलो त्या दिवसापासून बघतोय."

पिल्लाचं नावही त्यानेच ठेवलं. व्हर्लिन गेला, पण कासव अजून परसात आहे, आणि आल्यागेल्याला ते नाव मलाच सांगावं लागतं.