ताटातलं मीठ
धाकट्या लेकीचा निकाह झाला त्याच वर्षी अब्दुलचे मुंबईत उपचार सुरू झाले. इस्पितळातून निघाल्यावर तो दर खेपेला बायकोला नव्या हॉटेलात नेई, कधी इराणी, कधी चायनीज, आणि पहिल्याच घासाला नाक मुरडी. "मसाला कच्चा हाय. तुझ्याहून वाईट रांधतात गं." कर्जतच्या घरात अख्तरुन्निसाने उभा जन्म हेच ऐकलं होतं, आता त्या कुरकुरीचाच तिला आधार होता. एके दिवशी मात्र बिर्याणी चाखून तो म्हणाला, "छान हाय." खोकत तो बेसिनकडे गेला, तेवढ्यात तिने मिठाची अख्खी बाटली त्याच्या ताटात उपडी केली. परत येऊन तो निमूट जेवू लागला. "अहो, नावं ठेवा की काहीतरी," ती काकुळतीने म्हणाली. "कशाला? छान हाय गं." अब्दुल बकरी ईदच्या आदल्या दिवशी गेला.